जाळीची कडी

प्रिय पिटुकले,

आठ वर्षांच्या मुलीच्या आईला या नावाने हाक मारू नये, हे मला कळतं. पण हात दुसरं काही लिहायला तयार नाही. परवा फोनवर तुझी लेक माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "आजोबा, मला जर्बिल हवेत आणि आई नाहीच म्हणते! तुम्ही रागवा तिला." मग तू फोन घेतलास आणि हसत म्हणालीस, "बाबा, तुम्हाला माहितीये ना, माझ्या भरवशावर जिवंत जीव ठेवायचा नसतो." तू हसलीस. त्या वाक्याने मला मात्र दोन दिवस एका जागी बसू दिलेलं नाही.

आधी नातीची वकिली करतो, जन्माची खोड आहे. जर्बिल घ्यायचे तर दोन घे, एकाच विणीतल्या बहिणी; दिसायला उंदरासारखे असले तरी त्यांना सोबत लागते. एकटा जर्बिल खातो-पितो, पण झुरतो. कोपऱ्यात डोळे मिटून बसलेला दया येते म्हणून उचलू नकोस; जो आपणहून पुढे येऊन बोटं हुंगतो, ज्याचे डोळे स्वच्छ आणि नाक कोरडं आहे, तो घे. शेपटीला धरून कधीही उचलायचं नाही, कातडी सुटून हातात येते. पेटी काचेची हवी, तळाशी दोन विती भुसा आणि कागद, कारण बिळं खणल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लोळायला वाटीभर बारीक वाळू. प्लास्टिक नको, कुरतडून गिळतात. हे सगळं मला कुणी शिकवलं? तू. नऊ वर्षांची असताना, वहीत मुद्दे काढून, एकेका मुद्द्याखाली लाल रेघ मारून. कामगार सभेतल्या माझ्या कुठल्याही भाषणाची एवढी तयारी मी केली नव्हती.

आपल्या शाई आणि रेघ आठवतात? एक काळीभोर, दुसरीच्या पाठीवर पांढरा पट्टा. छापखान्यातून मी कोऱ्या कागदाची कात्रणं पिशवी भरभरून आणायचो आणि त्या दोघी रात्रंदिवस फाडत बसायच्या. एकदा चुकून माझ्या भाषणाची पत्रकं पेटीत गेली, तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "चला, तुमचं भाषण शेवटपर्यंत कुणीतरी पचवलं." मग रेघ म्हातारी होऊन गेली आणि शाई खाणं सोडून काचेला नाक लावून बसू लागली. आपण पक्षीवाल्याकडून नवी आणली. त्याने बजावलं होतं, "साहेब, ह्या दोघी एकमेकींना परक्या. मध्ये जाळी लावा. रोज जागा बदला, म्हणजे एकीचा वास दुसरीच्या अंगवळणी पडेल. दोन आठवडे घाई करू नका. आणि ह्यांच्यापुढे भाषण चालत नाही, सांगून ठेवतो." तू खुदकन हसली होतीस.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तू दोघींच्या जागा बदलायचीस, जाळी खाचेत सरकवायचीस आणि वरची छोटी कडी अडकवायचीस. नीट बसली ना, म्हणून बोटाने दोनदा दाबायचीस. ते दिवस आठव. छापखान्याच्या जेवणघरात मालकाने कायम आणि हंगामी कामगारांमध्ये तारेची जाळी उभी केली होती. मी तीन आठवडे फाटकावर गरजत होतो की माणसं वैरी नसतात, जाळ्या त्यांना वैरी करतात. अखेर ती जाळी निघाली. दोन्हीकडचे लोक एका बाकावर जेवले, मला खांद्यावर घेऊन नाचले. ते मी आजही मानतो, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. आपल्या पेटीतल्या जाळीचा तो पाचवा दिवस होता.

दुपारी तू शाळेतून आलीस, तेव्हा जाळी आडवी पडलेली होती, कडी उघडी होती आणि शाई कात्रणांवर निपचित होती. कागद लाल झाला होता. नवी कोपऱ्यात, कान फाटलेली. तू दप्तरही उतरवलं नाहीस. माझ्याकडे वळून म्हणालीस, "बाबा, मी कडी लावली नव्हती का?" आणि मी म्हणालो, "आठवून बघ." एवढंच. मग तुझ्या डोक्यावर हात ठेवून जबाबदारी, चूक आणि क्षमा यांवर चांगली दहा मिनिटं बोललो. तू काचेला तोंड लावून शाईची माफी मागत राहिलीस.

नवी त्यानंतर दीड वर्ष जगली. तू तिला नाव ठेवलं नाहीस. धोका दिसला की जर्बिल मागचे पाय जमिनीवर आपटतात, टपटपटप. मी खोलीत पाऊल टाकलं की ती ते करायची. तुला वाटायचं, तुला घाबरते. मी तुझा समज दूर केला नाही. पुढे सभेत टाळ्या थांबून क्षणभर शांतता पसरली की पायाखालच्या फळ्यांतून मला तो आवाज यायचा आणि पुढचं वाक्य हरवायचं. लोकांना वाटे, भावनेने कंठ दाटला. जास्त टाळ्या पडायच्या. पण ते सोसता आलं. जे सोसवत नाही, ते वेगळंच. तू कुलूप लावून दोन जिने उतरतेस, परत चढतेस, कुलूप ओढून पाहतेस. गॅसचं बटण तीनदा. जावईबापू चेष्टा करतात, "आमच्याकडे पहारेकरी फुकट आहे." सगळे हसतात, तूही हसतेस, आणि मी ताटात बघत बसतो. सत्तावीस वर्षं मी असाच ताटात बघतोय.

पिटुकले, कडी तू लावली होतीस. त्या दुपारी जेवणघरातला विजय डोक्यात घेऊन मी घरी आलो. दोघी जाळीच्या दोन बाजूंना नाकं लावून बसल्या होत्या, आणि मला वाटलं, इथेही तेच. कडी मी काढली, जाळी मी उचलली, वर एक वाक्यही म्हणालो. ते इथे लिहिण्याची लाज वाटते. पुढचं अर्ध्या मिनिटात संपलं. मी घाईघाईने जाळी आत टाकली आणि तुझी वाट बघत बसलो. मी खोटं बोललो नव्हतो, हे समाधान मला पुरेल असं वाटलं होतं. लेकीला जर्बिल घेऊन दे किंवा देऊ नकोस, पण त्या नकाराचं कारण तुझे हात नसू देत. हे फोनवर सांगता आलं असतं. पण बोलायला लागलो की मी माझी बाजू मांडतो, आणि यात मला बाजू नाही.

तुझाच,
बाबा