नावासकट

आदर्श नगर, जयपूर
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

प्रिय गिरिजाताई,

नमस्कार. खोली मिळाली. सकाळचं ऊन येतं. तुझ्या घराची किल्ली याच पाकिटात आहे. मावशीने पाठवलेलं लोणचं तिच्या लेकीसाठी, तुझ्यासाठी होतं, त्याला मी हात लावला नाही. तीन वर्षं तू मला घरात ठेवलंस, हे मावशीशी बोलताना पुन्हा सांगितलं. बाकीचं तिला सांगितलं नाही. ते तू सांग.

फोन केला असता तर तू मध्येच बोलली असतीस, म्हणून पत्र.

रविवारी झोटवाड्याला नियाज चाचांकडे गेले होते. चौतीस वर्षं तुमच्या कारखान्यात छापील कापड तपासणारा माणूस आता घरी बसून पतंग चिकटवतो. चहा दिला. म्हणाले, "पढ़ाई पूरी हुई, बेटा?" मी नाही म्हटलं.

माझा पीएच.डी.चा विषय ऐकून तू हसली होतीस. "इस्लाममधली कामाची नीती आणि कामगारांची वृत्ती? सावी, यांना वेळेवर यायला सांग, तेवढी नीती पुरे." तरी कर्मचारी विभागाची प्रमुख म्हणून परवानगी तूच दिलीस. कामगारांनी भरलेले प्रश्नावलीचे एकशे बारा फॉर्म. वर ठळक अक्षरांत, नाव लिहू नये. एकशे अकरा जणांनी लिहिलं नाही. चाचांनी लिहिलं. मी थांबवलं तर म्हणाले, "बेनाम बात का क्या भरोसा? कल मैं ही मुकर जाऊँ तो?"

शेवटच्या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं की कच्च्या रंगाच्या मालावर पक्क्या रंगाची चिठ्ठी लागते. ती माझ्या हातून लावून घेतात. ही कमाई मला हलाल वाटत नाही. नियाज अहमद, तपासणी विभाग.

त्यानंतर बाराव्या दिवशी तू त्यांना काढलंस. कारण लिहिलंस, कामाबद्दलची वृत्ती नकारात्मक. माझ्या मोजणीत कामावरच्या निष्ठेचे सर्वांत जास्त गुण त्यांचे आहेत. हे तुला कळवायचं राहिलं होतं.

फॉर्म तुझ्या हाती कसे गेले, हे विद्यापीठात मला विचारलं. घरी टेबलावर होते, असं मी म्हणाले. चाचांनाही तेच सांगितलं होतं.

टेबलावर होते हे खरं. आपण जेवत होतो. तू म्हणालीस, "बघू गं जरा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्याचंही बोलते." चाचांच्या फॉर्मची नाव असलेली खालची दोन बोटं पट्टी कापायची होती. कात्री समोर होती. कापली तर तुला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. वाईट वाटायचा प्रश्नच नव्हता. मला अभ्यासासाठी दुसरा कारखाना हवा होता. गठ्ठा मी तसाच दिला.

रविवारी हे चाचांना सांगितलं. ते पतंगाच्या काडीला खळ लावत राहिले. मी विचारलं, तुमचा फॉर्म पुढे पाठवू का.

"भेज दो. नाम मत काटना."

"गिरिजा मॅडमची नोकरी जाईल, चाचा."

"तो बदले के लिए मत भेजना. गवाही है, गवाही की तरह भेजो."

तेवढं माझ्याच्याने झालं नाही. साक्ष त्यांची आहे. बदला माझा आहे.

परदेशी खरेदीदाराचा तपासनीस गुरुवारी तुमच्याकडे येतो. तारीख तूच सांगितली होतीस, त्या दिवशी कोणती साडी नेसू असं विचारताना. फॉर्मची प्रत काल त्याला गेली. सोबत तू मला वाढदिवसाला दिलेली चादर. चिठ्ठी तिच्यावर अजून आहे, पक्का रंग. अर्धी चादर मी बादलीत भिजवून पिळली. रंग उतरलेलं ते पाणी बाटलीत भरून तेही दिलं.

विद्यापीठाला माझा नवा जबाब दिला आहे. पीएच.डी. बहुधा जाईल. जाऊ दे.

हे पत्र मुद्दाम आजच तुझ्या दारात टाकते आहे. चाचांना आधी काहीच कळलं नव्हतं. तुला दोन दिवस मिळावेत. रोजच्यासारखी ऑफिसला जा, सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हण, आणि गुरुवारची वाट बघ. साडी निळी नेस.

तू सावी म्हणतेस, आणि पत्राखाली मी तेच लिहीत आले. आता पूर्ण लिहिते. मावशीला दाखवताना कापू नकोस.

फॉर्म देणारी,
सावनी गोपीनाथ दळवी