ठोंब्याची बॅग

११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आईंना नमस्कार.

मी तुमची धाकटी सून. लग्नाला दोन वर्षं झाली, पण फोनवर आपण "बरी आहेस ना?" आणि "हो, तुम्ही?" यापुढे गेलेलो नाही, म्हणून ओळखीपासून सुरुवात केली. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचा ठोंब्या (हे नाव त्यानेच सांगितलं आणि मी लगेच उचललं) सकाळी सातला कामावर जातो आणि संध्याकाळी नखशिखांत प्लास्टर होऊन येतो. मी त्याला दारातच झटकते. सुनेने पत्रात नवऱ्याला 'हे' म्हणावं हे मला ठाऊक आहे, पण मी 'अहो' म्हटलं की तो मागे वळून कोण आलंय ते बघतो. तेव्हा 'तो'च राहू द्या.

हे पत्र चष्मा लावून तुम्ही स्वतःच वाचा. थोरल्या जाऊबाईंना वाचायला देऊ नका. त्यांच्याबद्दल मनात काही नाही, फक्त हे आधी तुम्हाला कळायला हवं.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाची मापं घेतात, ती आमच्या छोट्या कारखान्यात येतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओतून जबड्याचा नमुना करतो आणि त्यावर दात बसवतो. साडेचार वर्षांपूर्वी कारखान्याच्या भिंतीला गिलावा करायला तुमचा मुलगा आला. मी प्लास्टर कालवत होते. तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पाणी जास्त होतंय, बाई." मी म्हटलं, "तुम्ही तुमची भिंत बघा." दुसऱ्या दिवशी माझे चार नमुने तडकले. तिसऱ्या दिवशी मीच त्याला विचारायला गेले. आमचं जुळलं ते असं. तुम्हाला कुणी याहून रंगवून सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नका.

आता बातमी. तो घरी येतोय, पुढच्या महिन्याच्या अखेरीला. का येतोय ते लिहायला मला दोन दिवस लागले.

अकरा वर्षांपूर्वी तो एका वर्षाच्या परवान्यावर इथे आला. ज्या मुकादमाने आणलं, त्याने परवाना वाढवून देतो म्हणून सगळ्यांचे परवान्याचे कागद घेतले आणि तो पसार झाला. तेव्हापासून तुमचा मुलगा इथे परवान्याशिवाय राहतोय. त्याने चोरी केली नाही, कुणाला फसवलं नाही. पण पोलीस दिसला की तो रस्ता बदलतो. दुखणं आलं तर दवाखान्यात नाव सांगावं लागेल म्हणून अंगावर काढतो. इतकी वर्षं तो तुम्हाला 'सुट्टी नाही' म्हणत आला. आई, सुट्टी देणारा साहेबच नव्हता. एकदा बाहेर गेला असता तर त्याला परत आत घेतलं नसतं, हे खरं कारण.

माझा जन्म इथलाच, त्यामुळे मला हा प्रश्न नाही. लग्न झाल्यावर आम्ही रीतसर अर्ज केला. आमच्या वकीलबाई फार कडक आहेत, त्यांच्यासमोर आम्ही दोघं हाताची घडी घालून बसतो. लग्न खरं आहे हे दाखवायला एकत्र फोटो मागितले होते. निघाले तीन. कॅमेरा दिसला की बाजूला सरकायची त्याला सवयच झाली आहे. मग घरमालकीणबाईंनी लिहून दिलं की, ही दोघं दर रविवारी कचरा कुणी न्यायचा यावरून इतकं भांडतात की नवराबायकोच असणार. वकीलबाईंनी ते पत्र सगळ्यात वर लावलं.

गेल्या आठवड्यात पहिली मंजुरी आली. परवान्याशिवाय राहिल्याबद्दल माफी मिळाली. आता त्याने तिकडे येऊन या देशाच्या तिथल्या वकिलातीत मुलाखत द्यायची आणि पासपोर्टवर शिक्का मिळाला की परत यायचं. चार महिने लागतील, कदाचित वर्ष. वकीलबाई म्हणतात, आशा चांगली आहे, हमी नाही.

इथेच थांबणार होते. पण मग हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

चार वर्षांपूर्वी थोरल्या भावजींचा फोन आला, बाबांचं काही खरं नाही, लगेच निघ. तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं, ओळखीला सहा महिने झाले होते. तो बॅग भरून माझ्या खोलीवर निरोप घ्यायला आला. मी म्हटलं, "गेलास तर परत येता येणार नाही." ते खरंच होतं. पण मी ते अशा तऱ्हेने म्हटलं की तो जाऊच शकला नसता. तो दारातच खाली बसला. मग त्याने बॅग उघडली आणि कपडे बाहेर काढले. मी त्यांच्या घड्या घालून माझ्या कपाटात ठेवल्या. 'साहेब सुट्टी देत नाही असं सांग' हेही मीच सुचवलं.

बाबा गेले तरी तो आला नाही म्हणून तुम्ही त्याच्यावर रागावलात, फोनवर दोन वाक्यांवर बोलत नाही. त्यातला निम्मा राग माझ्या वाटणीचा आहे. तो हे कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तुम्ही त्याला घरात घ्याल ना, एवढं कळवा.

तुमची सून म्हणवून घ्यायला अजून धजावणारी,
मी

२ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

पत्र मिळालं. स्वतःच वाचलं. थोरलीने तीनदा विचारलं, तरी दिलं नाही. अक्षर चांगलं आहे तुझं. ठोंब्याचं मला कधी लागलंच नाही.

घरात घ्याल का म्हणून विचारतेस. घर माझं, मुलगा माझा, त्यात विचारायचं काय? मागची खोली झाडून घेतली आहे.

कपड्यांचं वाचलं आणि पत्र फडताळात टाकलं. दोन दिवस हात लावला नाही. राग आला होता, उगाच नाही कशाला म्हणू? तिसऱ्या दिवशी परत काढलं. आता तू माझं ऐक. ह्यांनी शेवटच्या दिवशी मला विचारलं, "धाकटा निघाला का?" मी म्हटलं, "विमानात बसलाय." थोरला माझ्याकडे बघायला लागला, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. ह्यांनी मान हलवली. किती वाजता पोचतो ते विचारलं. मी वेळसुद्धा सांगितली. हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. तेव्हा त्या दिवसांत खोटं बोलणारी तू एकटी नव्हतीस.

फोनचं म्हणशील, तर पहिलं वर्षभर रागानेच ठेवत होते. मग माझे दात काढले. कवळी केली ती टोचते, म्हणून डब्यात पडून असते. तिच्याशिवाय बोलले की नुसतं फसफस होतं. ठोंब्या तिकडून "काय? काय?" करतो आणि मला लाज वाटते. म्हणून ठेवते. तुम्ही दोघांनी बसून काय काय अर्थ लावले असतील, देव जाणे.

एक आधीच सांगते. अकरा वर्षांनी येतोय. एकदा आला की त्याला सोडायला माझं मन व्हायचं नाही. तुला घाबरवत नाहीये, जे होईल ते लिहितेय.

आई

२७ मार्च

ती. आई,

हे पत्र ठोंब्या स्वतः तुमच्या हातात देईल. वाचायचं नाही असं बजावलंय, म्हणजे वाटेत वाचलं असेलच.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. रडले, आणि कवळीपाशी आल्यावर हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सासूबाईंची कवळी टोचते. त्या म्हणाल्या, मग रडतेस काय, करून दे की.

विमानाचं मी त्याला वाचून दाखवलं. दाखवू नको असं तुम्ही लिहिलं नव्हतं. तो म्हणाला, "किती वाजताची वेळ सांगितली होती तिने?" ते तुम्ही त्याला समोर बसवून सांगा.

बॅगेच्या तळाशी माप घ्यायचे दोन ट्रे आणि गुलाबी पावडरचा डबा आहे. पावडर पाण्यात कालवायची, ट्रेमध्ये भरायची आणि ट्रे तोंडात धरायचा. दोन मिनिटांत ती रबरासारखी घट्ट होते. खरं तर हे डॉक्टरचं काम. आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला शिकवलं आणि सराव त्याने माझ्यावर केला. पहिल्या वेळी मला ठसका लागला, दुसऱ्या वेळी मी त्याला चावले. तिसरं माप बघून बाई 'चालेल' म्हणाल्या. तुम्ही ताठ बसा, नाकाने श्वास घ्या आणि दोन मिनिटं एक शब्द बोलू नका. मापात लगेच प्लास्टर ओतायला लागतं, त्याची काळजी नको. पाणी बेताचं घालावं हे त्याला कुणी सांगायला नको.

जुनी कवळीही द्या, कुठे टोचते ते तिच्यावरून कळेल. आणि नमुना पोस्टाने पाठवू नका. पोस्टात फुटतो. त्यानेच हातातल्या पिशवीतून आणायचा. तुमचे दात मला माझ्या हातांनी करायचे आहेत. मग फोनवर मला हवं तेवढं बोला, मी 'काय? काय?' करणार नाही.

मुलाखतीची तारीख आली, सतरा मे. कागद एकूण एक तपासले. मला भीती वाटतेच. नाहीच मिळाला शिक्का, तर मी माझी कवळ्या करायची हत्यारं घेऊन तिकडे येईन. दात सगळीकडेच पडतात, काम मिळेल. पण तसं होणार नाही असं मला आतून वाटतंय. काल तिकीट आणायला गेलो तेव्हा कोपऱ्यावर पोलीस उभा होता. ठोंब्याने रस्ता बदलला नाही. माझा हात मात्र इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

सोडायला मन व्हायचं नाही, असं तुम्ही लिहिलंत. माझंही होत नाहीये. तुमचं खरं ते तुम्ही मला आधीच सांगितलंत, म्हणून मीही मागायचं ते सरळ मागते.

बॅग तीच आहे, चार वर्षांपूर्वीची. तेव्हा तिच्यातून निघालेल्या कपड्यांच्या घड्या मी घातल्या होत्या. आज मीच ती भरली. शर्ट वर, स्वेटर खाली, मोजे बाजूच्या कप्प्यात. शिक्का मिळेल त्या दिवशी त्याला एकट्याला बॅग भरू देऊ नका. तो सगळं कोंबतो. ती तुम्ही भरा, आई.

तुमची सून