ढोलातली गोधडी

१२ फेब्रुवारी १९८९, जळगाव

कालचा कार्यक्रम वाया गेला! लोकांना कळलं नसेल, मला कळलं.

लग्न डाळमिलच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्या मोठ्या ढोलाच्या पेडलवर पाय मारला की शेड घुमायची ती घुमतच राहायची. पुढचा ठोका आला तरी मागचा अजून हवेतच. गाणारी बाई बिचारी सम शोधत बसली. आमच्या गाण्याच्या पार्टीचे मालक रुपचंदभाऊ पेटी बंद करताना एवढंच म्हणाले, "देवचंद, तुझा ढोल बोलतो कमी, बोंबलतो जास्त."

मी म्हटलं, शेडच तशी होती. नाचता येईना अंगण वाकडं — दुसरं काय!

१५ फेब्रुवारी

दिवसभर ढोलाशी झटापट. आवाज आवरायला आत काहीतरी लागतंच, सगळेच घालतात. उशी घातली — फरक नाही. घोंगडी कोंबली — पार मेला, खोक्यावर लाथ मारल्यासारखा. वर्तमानपत्रं घातली तर खरखर.

मंदा ओट्यावर तूर निवडत होती. मान वर केली नाही. आधी किती चिडवायची! माहेर धुळ्याकडचं, चार वर्षं जळगावात राहून अहिराणीतलं 'शे' काही सुटलं नाही. कार्यक्रमाहून आलो की दारातच — "आज तुमना डावा हात झोपेल व्हता का?" आणि बहुतेक वेळा तिचं खरं असायचं.

दिवाळीपासून काही बोलत नाही. दिवाळीत आमची पोरगी जन्मली आणि दुसऱ्या दिवशी गेली. इथे लिहिलं. तोंडाने अजून कुणाजवळ म्हटलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

तालमीहून आलो. ढोल कोपऱ्यात होता तसाच. सहज पाय मारला — धब! आणि आवाज तिथेच थांबला. गोल, मऊ, जागच्या जागी. असा आवाज या ढोलातून मी कधी ऐकलाच नव्हता.

पुढचं कातडं काढून पाहिलं. आत गोधडी. ती गोधडी!

सासूबाईंनी, द्रौपदाबाईंनी शिवलेली. सातव्या महिन्यात येऊन राहिल्या होत्या. स्वतःची मऊ झालेली लुगडी फाडून बारीक टाके घालत बसायच्या, हिरवा काठ बरोबर कडेला येईल असा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, जन्माआधी बाळाचं काही शिवू नये. सासूबाई हसायच्या. मग पोर गेली, आणि मंदा आईला बोलून बसली — "तू गोधडी शिवी म्हनीसन गई ती." त्यांनी पिशवी उचलली आणि धुळ्याची गाडी धरली. तेव्हापासून येणं नाही, जाणं नाही. गोधडी ट्रंकेच्या तळाशी.

मंदाला हाक मारली. ती चुलीपाशीच. "रिकामी पडेल व्हती," म्हणाली. इतकंच.

मला पुढे वाजवता आलं नाही.

१५ एप्रिल

काल जयंतीचा कार्यक्रम पहूरला, माझ्याच गावात. दुपारच्या उन्हाने कातडी अशी ताणली की टिचकी मारली तर टणटण. स्क्रू सैल केले. ऊन उतरल्यावर पुन्हा ओढले — समोरासमोरचे, थोडे थोडे, प्रत्येकापाशी बोट वाजवून. उघडं मैदान, म्हणून गोधडी कातड्यापासून जरा मागे सरकवली. बंद जागेत ती टेकवावी लागते, मैदानात थोडा श्वास द्यावा लागतो. हे आता मला कळायला लागलं आहे.

माइकवाला मगन धुळ्याहून मोठे बॉक्स घेऊन आला होता. मधेच स्टेजवर आला. "भाऊ, आत काय घातलंय? कानावर नाही, छातीवर येतोय!"

"गोधडी."

"कोणाची?"

"घरची," म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?

८ मे

मगनने नवीन फोम आणून दिला. हल्ली सगळे हेच घालतात म्हणे. घालून पाहिला. चांगला आहे. परत दिला.

११ सप्टेंबर

काल धुळ्याला गणपतीचा कार्यक्रम. पडद्यातून पाहिलं — बायकांत पुढेच सासूबाई! पहिली दोन गाणी कशी वाजवली, माहीत नाही.

संपल्यावर स्टेजपाशी आल्या. मी पाया पडलो. मंदाचं काही विचारलं नाही. ढोलाकडे बघून म्हणाल्या, "कसा गोड वाजस! आत काय शे?"

खोटं बोलायला जीभ वळेना. सांगितलं — गोधडी आहे, मंदाने घातली.

त्यांनी ऐकलं. मग पुढच्या कातड्यावर तळवा ठेवला. "वाजाडा जरा."

मी हळूच पेडल दाबलं. पुन्हा म्हणाल्या, "वाजाडा." मी वाजवत राहिलो, त्या हात लावून उभ्या राहिल्या. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. जाताना म्हणाल्या, "मंदीले काही सांगू नका."

१२ सप्टेंबर

सांगितलं. न सांगून राहवेना.

मंदा भाकरी थापत होती. थापतच राहिली. तव्यावर टाकली, उलटली, आणि मग — "माय वाळी गई का?"

"थोडी," म्हटलं.

भाकरी करपली. दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.

२० ऑक्टोबर

जामनेरचा कार्यक्रम. घरी आलो तर दारातच — "पेडलले तेल घाला. बठ्ठा गाव ऐकस तुमना ढोलनी कुरकुर." मी हसत सुटलो! तिने ते पेडल काल झाडताना हलवलं असणार. आज तेल घातलं. दोनदा घातलं.

३ डिसेंबर

उद्याच्या कार्यक्रमासाठी ढोल लावायला बसलो. पाय मारला तर — ढम्म! फेब्रुवारीसारखा बोंबलला. उघडून पाहिलं, आत माझा जुना बँडचा कोट, नीट घडी करून. गोधडी नाही.

मागच्या दारी गेलो. गोधडी धुऊन दोरीवर, हिरवा काठ उन्हाकडे. मंदा पिन लावत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आते कोटवर भागाडा. ती मले लागनार शे."

मी खाली पडलेली पिन उचलून तिच्या हातात दिली.

"आनि मायले बलाई ल्या. आनखी एक शिवनी शे — पोर व्हवानंतर नही. आत्तेच."