लाल ओळीवरचा पहारा

३ मार्च, सोमवार, सकाळी ९
घरात एवढी शिकलेली माणसं, आणि पहाऱ्याला बसवलं कुणाला, तर मला!

नात घरूनच नोकरी करते. डॉक्टरांकडे नंबर लावायचं ॲप असतं ना, त्याची देखभाल तिच्याकडे. ॲपच्या पोटात काय चाललंय ते ब्राउझरमध्ये ओळीओळीने उमटत राहतं. त्याला लॉग म्हणतात. पांढरी ओळ म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. मागच्या आठवड्यात ॲप तासभर बंद पडलं नि हिला पत्ताच नाही. साहेबांनी बजावलंय, पुन्हा असं झालं तर कायमची घरी बस. आता ती घरीच तर बसलेली असते!

आंघोळीला जाताना म्हणाली, लाल दिसली की हाक मार. तीन दिसल्या, तीनदा मारली. दोनदा ती साबणाने माखलेली. आता लाल ओळ काय हिची आंघोळ उरकेपर्यंत थांबणार?

४ मार्च
निश्चय: खुर्चीवरून उठायचं नाही.
९.२० ला उठले. दूध उतू जात होतं नि सूनबाई फोनवर. दोष सूनबाईचा.
ओळी फार पळतात मेल्या. मी अर्धी दुसरी शिकलेली. एक अक्षर लावेपर्यंत पन्नास ओळी पसार. लाल: पाच.

५ मार्च, सकाळी १०
वरच्या कोपऱ्यात दोन उभ्या रेघांचं बटण सापडलं. दाबलं. ओळी जागच्या जागी! या घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकलं. लाल: शून्य.
नात दाढ काढायला समोरच्या गल्लीत गेली. फोन माझ्यापाशी ठेवला. लाल दिसली तर सूनबाईला दवाखान्यात मला बोलवायला पळव म्हणाली. म्हटलं, निर्धास्त जा.

११.४०
शून्य. नातीचा फोन सारखा वाजतोय. वर 'साहेब' लिहिलंय. कामाच्या वेळी मी फोन घेत नाही.

१२.१५
शून्य. विहीणबाईंना फोन लावून सांगितलं, नातीची नोकरी माझ्या नजरेवर चाललीय. त्या म्हणाल्या, गुडघ्याच्या डॉक्टरांचा नंबर लावायचाय, पण सकाळपासून ॲप नुसतं गरगरतंय. म्हटलं, तुमचाच फोन जुना. इकडे सगळं पांढरंशुभ्र.

१२.५०
नात आली. आधी पडद्याकडे बघितलं, मग बटणाकडे, मग माझ्याकडे. गाल टम्म सुजलेला, म्हणून वाचले. तिने बटण पुन्हा दाबलं आणि इतका वेळ अडून राहिलेल्या लाल ओळींचा लोंढा! ॲप अडीच तास बंद होतं म्हणे. साहेबांचे सतरा फोन. मला खुर्चीवरून उठवलं.

६ मार्च, सकाळी ९.५०
दहाला साहेब फोन करून जाब विचारणार आहेत. नात म्हणते, बटण माझ्याच हातून दाबलं गेलं असं सांगते. नोकरी जाईल, पण आजीचं नाव नको. हे शहाणपण कुणी सांगितलं? बिनालालीचे अडीच तास मी काढलेत, तिने नाही. आणि थांबायचं नव्हतं तर थांबवायचं बटण ठेवलंच कशाला, हे मलाही विचारायचंय.

वाजला. नातीने हात लावायचा नाही, सूनबाईने मधे तोंड घालायचं नाही. बटण मी दाबलं, फोन मीच घेणार.