परतूरची हेरगिरी

५ एप्रिल, रविवार

लेकीच्या, साक्षीच्या हट्टापायी सिनेमा पाहिला. हेराचा म्हणे! भर उन्हाळ्यात काळा कोट, डोळ्यावर गॉगल, शत्रूच्या देशात लग्नात नाच — आणि कुणाला संशय न्हाई! दुसऱ्याच भेटीत पोरीला सांगतो, "मी हेर आहे." वर खरं नाव! आमच्या मस्तगडच्या कांताबाईंनी ह्याला चहा निवायच्या आत ओळखला असता. मला वाटलं होतं, पोटात गोष्ट ठेवून माणूस परक्या गावात जेवतो कसा, झोपतो कसा, ते दाखवतील. न्हाई. गाड्या उडवल्या. तिकिटाचा खर्चा वाया.

६ एप्रिल, सोमवार

साक्षीला परतूरचं स्थळ आलंय. चौकशीला ह्यांनी आपल्या दोस्ताला, साहेबरावांना धाडलं. ते थेट मुलाच्याच घरी! ह्यांचं नाव-गाव सांगून, भजे खाऊन परत. "वहिनी, बिलकुल देवमाणसं!" — सिनेमात शोभले असते.

मागची सोयरीकही अशाच चौकशीवर केल्ती. पोरगा पिणारा निघाला, साखरपुडा मोडला. पोरगी कितीक दिवस नीट जेवली न्हाई. ह्यांची ताकीद — परतूरला त्यातलं कळता कामा नये. कळलं की हेही स्थळ गेलंच.

मंग मीच जाते.

९ एप्रिल, गुरुवार

घरी सांगितलं, जांबला रामदास स्वामींच्या दर्शनाला चालले. (समर्था, माफ कर.) विरलेलं पातळ नेसले, स्टीलच्या डब्यात घरच्या शेवया घेतल्या — झाले विकणारी बाई. गॉगल न्हाई, कोट न्हाई! मुलाच्या घराशेजारच्या ओट्यावर एक बाई बसल्या होत्या. डबा हातात घेऊन निरखला, शेवया ठेवून घेतल्या, चहा पाजला. मी सहज म्हणून मुलाचं विचारलं.

"पोरगं सुपारीपण खात न्हाई. आई मात्र लै तोंडाची! सून टिकायची न्हाई."

पोरगी आधीच पोळलेली, त्यात असली सासू! बोलता बोलता साक्षीचं मोडलेलं सांगून बसले. परकी बाई, तिला काय! त्यांनीच डोळे पुसले. गाडीच्या घाईत डबा तिथंच राह्यला. पण कुणाला पत्ता लागला न्हाई. सिनेमावाल्यांनी माझ्याकडं शिकायला यावं!

१२ एप्रिल, रविवार

परतूरची माणसं आल्ती. मुलाच्या आई, दुर्गाबाई, जीपमधून उतरल्या — त्याच! हातात माझा डबा. झाकणावर ह्यांचं नाव, आडनाव, मस्तगड, जालना — भांडीवाल्यानं ठळक कोरलेलं!

"विहीणबाई," हळूच म्हणाल्या, "शेवया संपल्या. पोरगी आम्हाला पसंत. आता ती लै तोंडाची बाई तुम्हाला चालती का, बोला."