मागच्या खोलीतले एकवीस दिवस

२२ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ११.

आज चार नवे एंजल मासे आणले. बसस्टँडसमोरच्या करणच्या दुकानातून. सध्या टँकमध्ये बायकोचा, रुख्मिणीचा, एकच एंजल आहे, साडेतीन वर्षांचा, अंगावर काळे पट्टे. ती संक्रांतीला मंचेरियलहून परत येईल तेव्हा एकाचे पाच झालेले असतील. सरप्राइज.

नवे मासे थेट टँकमध्ये सोडायचे नाहीत. लोक इथेच चुकतात. बाहेरून आलेला जीव आधी वेगळा ठेवायचा, रोज मुआयना करायचा, रोग नाही अशी खात्री पटली की मगच आत घ्यायचं. बत्तीस वर्षं तहसील कचेरीत काढल्यावर एवढी शिस्त येतेच. मुद्दत एकवीस दिवस. ११ जानेवारीला प्रवेश.

जागा: मागची खोली. मोठा प्लास्टिकचा टब ठेवला. जाळी वेगळी, पाण्याचा मग वेगळा, हात धुवायचा साबणसुद्धा वेगळा. दारावर कागद चिकटवला: विनाकारण आत येऊ नये. घरात मी एकटा आणि सकाळी कामाला येणारी विमलबाई. तिला वाचता येत नाही म्हणून तोंडी सांगितलं.

२३ डिसेंबर. दिवस दुसरा.

भयंकर थंडी. पेपरात आदिलाबाद सात डिग्री. टबातलं पाणी गार पडलं म्हणून मोठ्या टँकचा हिटर काढून तिकडे लावला. करणला फोनवर सांगितलं तर म्हणाला, काका, तो काऊन काढला, दुसरा घ्या ना, एंजलला गार पाणी जमत नाई. दुकानदार आहे, विकायचंच बघणार. जुना मासा आता इथलाच झालाय. त्याने इथे तीन हिवाळे काढलेत. (हिटरसकट काढले, असं करणचं म्हणणं. मुद्दा तो नाही.)

२५ डिसेंबर. सुट्टी.

मंचेरियलला फोन. लेकीने, मैत्रीने उचलला, जयभीम बाबा म्हणाली आणि लगेच आईला दिला. रुख्मिणीने विचारलं, मासा कसा हाय? मी म्हटलं, मजेत. माझं काही विचारलं नाही. पण मासा विचारला म्हणजे घर विचारल्यासारखंच आहे. घरात मीही येतो.

ती दसऱ्यात गेली, आठ दिवसांसाठी. मैत्रीचं बाळ लहान होतं. आता ते बसायला लागलंय.

२८ डिसेंबर. दिवस सातवा.

पहिला आठवडा शंभर टक्के यशस्वी. नवे चौघे चपळ. रजिस्टरमध्ये रोज सही करतो.

जुना मासा एका कोपऱ्यात थांबून असतो. विमलबाई म्हणाली, साहेब, हा कोनट्यात काऊन बसून राह्यला? मी सांगितलं, वय. तिने टँकच्या काचेला हात लावला आणि म्हणाली, बरफावानी हाय हो. विमलबाईला यातलं सायन्स माहीत नाही.

उद्यापासून सकाळी साडेपाचला मावला गावाच्या रस्त्याने चालायला जाणार. पक्कं.

२९ डिसेंबर. धुकं. चालणं रद्द.

३० डिसेंबर. दिवस नववा.

टबाजवळ बसायला स्टूल आणला आणि ओळखला. कोविडमधला तोच.

२०२१चा मे. रुख्मिणीची आई वारली. ती गावी जाऊन माती देऊन आली आणि मी तिला याच खोलीत ठेवलं. सरकारने चौदा दिवस सांगितले होते, मी एकवीस केले. एहतियात, म्हणजे खबरदारी. दोन वेळचं ताट दाराबाहेर या स्टूलवर ठेवायचं, सहा फूट मागे यायचं आणि तिला मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे ती दार उघडून ताट घेई. एकवीस दिवसांत एकही चूक नाही. घरात एकही केस नाही. कचेरीत मी हे उदाहरण अजूनही देतो. लोक गप्प ऐकून घेतात.

नंतर मैत्रीने आईला टँक आणि हा एंजल घेऊन दिला. म्हणाली, आईला बोलायला कुणीतरी पाहिजे. मी तेव्हा पूर्ण वेळ घरीच होतो. कचेरी बंद होती.

१ जानेवारी. दिवस अकरावा.

जुना मासा तळाशी बसायला लागलाय. तिथे त्याला स्थिर वाटत असावं.

मैत्रीचा फोन. म्हणाली, बाबा, तुम्ही आईला ये म्हटलं का? एकदा तरी? मी म्हटलं, स्वतःच्या घरी यायला आमंत्रण लागतं का? फोन कट झाला. तिकडे रेंजचा प्रॉब्लेम असतो.

४ जानेवारी. दिवस चौदावा.

चौघेही तंदुरुस्त. हातातून खातात. चौदा दिवस झाले, सोडायचा मोह झाला. पण मी तडजोड करत नाही. उरलेला आठवडा पूर्ण करणारच.

जुन्याने दाणे तसेच ठेवले. पोटाला विश्रांती.

चालायला सोमवारपासून.

५ जानेवारी, रविवार. दुपारी.

आनंदाची बातमी. रुख्मिणी उद्या येतेय!

झालं असं. तिने नेहमीप्रमाणे मासा विचारला. मी सांगितलं, चार दिवसांपासून तळाशी आराम करतोय. ती म्हणाली, हिटर चालू हाय ना? मी म्हटलं, चालू आहे. (चालूच आहे. टबमध्ये.) ती मग म्हणाली, मी उद्या सकाळच्या बसनं येऊन राह्यले.

तीन महिने नाही, आणि आता एका दिवसात. मी मैत्रीला म्हणालोच होतो. विमलबाईला भाकरी आणि वांग्याची भाजी करायला सांगितलं. उद्या सीएल टाकली.

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ८.

दाढी केली. बेडवर नवी चादर. मासा आज अगदी शांत, एका कुशीवर आहे. चालणं आज शक्य नाही.

संध्याकाळी ५.

ती साडेबाराला आली. हातात एकच लहान पिशवी. चपला काढून सरळ टँककडे गेली, हात पाण्यात घातला आणि म्हणाली, हा तर मेला.

मी म्हटलं, सकाळी आराम करत होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मासा तळहातावर घेतला, रुमालात गुंडाळला आणि अंगणात सीताफळाखाली खड्डा करून ठेवला. खुरपं मी आणून दिलं. मला काही वाटलं नाही. बहुतेक थंडीमुळे.

मग ती मागच्या खोलीकडे गेली. दारावरचा कागद वाचला. आत टब, चार मासे, हिटरचा लाल दिवा. विचारलं, किती दिस ठेवता यायले? मी म्हटलं, एकवीस. ती स्टूलवर बसली. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, मलेबी एकवीसच ठेवलं होतं तुमी. माय मेली होती माही. भिंतीकडं तोंड करून रडत होते मी. एकदाबी तुमी दार नाई ठोकलं.

मी समजावून सांगितलं की तेव्हा दार, कडी, कशालाही हात लावू नये अशाच सूचना होत्या. ती म्हणाली, हो.

जेवली नाही. तिचं स्वेटर आणि दोन साड्या पिशवीत भरल्या. मी राहा म्हणणार होतो. वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात ऑटो आला. चारची बस तिला मिळाली असावी.

भाकरी मी आणि विमलबाईने खाल्ल्या.  

८ जानेवारी. नोंद नाही.

११ जानेवारी, शनिवार. दिवस एकविसावा.

मुद्दत संपली. टबमध्ये एकूण मासे चार, रोग शून्य, मृत्यू शून्य. रजिस्टर बंद करून शेवटची सही केली. हिटर मोठ्या टँकमध्ये परत लावला, पाणी कोमट झाल्यावर चौघांना सोडलं. ते लगेच फिरायला लागले. त्यांना कुणापासून धोका नव्हता आणि त्यांच्यापासून कुणाला नव्हता. टँकमध्ये दुसरं कुणी नाही.

ही बातमी द्यायला मंचेरियलला फोन केला. मैत्री म्हणाली, आई बाहेर गेलीय. मागून रुख्मिणीचा बाळाशी बोलण्याचा आवाज येत होता. खूप बोलत होती. मी म्हटलं, बरं, आली की सांग. काय सांगायचं ते मैत्रीने विचारलं नाही आणि मलाही आठवलं नाही.

संध्याकाळी मागची खोली रिकामी केली. टब धुऊन उन्हाच्या जागी पालथा घातला, दारावरचा कागद काढला, स्टूल बाहेर आणला आणि दार लावून घेतलं. मग बाहेर उभं राहून तपासणी म्हणून दोनदा ठोकून पाहिलं. फळ्या पातळ आहेत. आत कुणी असतं तर सहज ऐकू गेलं असतं.