काडी न टोचता

सोमवार, ४ मार्च

फसले. आत्याला ‘नाही’ म्हणता न येणं हा आमच्या घराण्याचा जुना आजार आहे. तीस तारखेला बेकरीला चाळीस वर्षं होतात. काउंटरमागची भिंत पांढरी करून घेतलीय. तिच्यावर बेकरीचा इतिहास रंगवायचा आणि तो लिहायचा मी. का, तर मी चार वर्षं विमा कंपनीत पत्रं लिहीत होते. म्हटलं, आत्या, मी फक्त ‘आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे’ एवढंच लिहायचे. म्हणाली, “मग इथे मंजूर लिही.”

पेंटरला मजकूर बावीस तारखेला हवा. पंचवीस ओळींच्या वर नको म्हणतो, अक्षरं बारीक झाली की लोक चष्मे शोधत बसतात.

पण खरी मेख शेवटच्या ओळीत आहे. तीस तारखेनंतर आत्या ओव्हनपाशी उभी राहणार नाही. “शेवटी पुढचा माणूस लिही, नाहीतर ‘दुकान बंद’ लिही. मी दोन्हीला तयार आहे.” आणि पुढच्या माणसाची अट इथल्या गिऱ्हाइकांनाही पाठ आहे – ज्याला केक ऐकू येतो, त्याचा ओव्हन.

मला तो ऐकू येत नाही. दोन महिन्यांसाठी म्हणून आले, दोन वर्षं झाली. एकदाही आला नाही. आणि हे दुकान मला सोडायचं नाहीये. दोन्ही गोष्टी फक्त या वहीला ठाऊक आहेत.

मंगळवार, ५ मार्च

इतिहासासाठी म्हणून आज नीट पाहिलं. ट्रे बाहेर येतो. अठरा केक. आत्या फडक्यात मधला एक धरते, डाव्या कानाशी नेते, डोळे मिटते. दुकानात तेव्हा कुणी बोलत नाही. शाळेतून परतणारी पोरंसुद्धा गप्प. मग आत्या मान हलवते आणि सगळे पुन्हा बोलायला लागतात. पाटीवरचं नाव कुणी घेत नाही, सगळे ‘कानवाल्या बाईंची बेकरी’ म्हणतात. हजारदा पाहिलंय, तरी आज अंगावर काटा आला.

आता माझी पद्धत. दुपारचा ट्रे माझा असतो, आत्या तेव्हा पडते. मी आतल्या खोलीचं दार लावते, ट्रे काढते, एका केकला दात कोरायची काडी टोचते. काडी कोरडी निघाली की झाला. मग तो भोकाचा केक खाऊन टाकते, कारण या दुकानात भोक पडलेला केक सापडला तर माझी धडगत नाही. पुरावा रोज पोटात. दोन वर्षांत साडेपाच किलो पुरावा जमलाय.

काडी आजवर एकदाही ओली निघाली नाही. नशीब म्हणायचं.

शुक्रवार, ८ मार्च

मुलाखत सुरू केली. मी ओट्याशी वही घेऊन, आत्या तिच्या खुर्चीत. ही खुर्ची पूर्वी ओव्हनकडे तोंड करून असायची. वर्ष-दीड वर्षापूर्वी तिने ती फिरवून घेतली – ओव्हनकडे पाठ, माझ्याकडे तोंड. का म्हणून विचारलं होतं तर म्हणाली, “तुझ्यावर लक्ष ठेवायला.” काडीचा संशय आलाय की काय, या धास्तीत मी तेव्हापासून आहे.

मान खाली घालून प्रश्न विचारला की उत्तरच देत नाही. दोनदा, तीनदा. मग मी वर पाहिलं की, “माणसाशी बोलताना माणसाकडे बघावं.” बरं बाई.

तर कपांची गोष्ट. ती तेव्हा सव्वीस वर्षांची, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला. चहाच्या कपाचा कान तुटला की तो पोत्यात टाकायचे. हिने ते पोतं मागून घेतलं. घासले, उकळले, अठरा निघाले बिनचिरेचे. केकचे साचे तिला परवडणारे नव्हतेच. धंदा बंद पडलेल्या एका पाववाल्याचा ओव्हन आणला – दाराला काच नाही, उष्णतेचा काटा नाही. त्यात ते अठरा बिनकानाचे कप ठेवले. त्यातला एक अजून काउंटरवर आहे, बॉलपेनं ठेवायला. मी दोन वर्षं त्यात पेनं खुपसतेय!

पुढचं विचारायचं होतं. हात पुसून पान उलटते तोवर आत्या उठून ओव्हनकडे गेलेली. बरोबर वेळेवर. पाठ ओव्हनकडे, गप्पा माझ्याशी, तरी हिला कळतंच. काय बाई आहे ही.

सोमवार, ११ मार्च

आज जे ऐकलं ते पंचवीस ओळींत कसं बसवू?

विचारलं, सगळे सुई टोचून बघतात, तू ऐकायला कधी लागलीस?

आत्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, तुझा बाप तेरा वर्षांचा होता. पाच महिने त्याच हॉस्पिटलात. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं, मधे रक्त काढायचं ते वेगळं. दंडावर टोचायला जागा उरली नाही म्हणून हातावर, मग पायावर. “पहिला केक त्याच्यासाठी केला. सुई टोचूनच बघितला होता. त्याने हातात घेतला, फिरवून पाहिला, वरचं भोक दिसलं. म्हणाला, ताई, यालाही टोचलं?”

खाल्ला नाही त्याने. उशाशी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून सुई बंद. काच नाही म्हणून बघता येत नाही, दार लवकर उघडलं की केक बसतात. किती ट्रे वाया गेले याची गणतीच नाही. एक दिवस वैतागून कच्चा केक कानाशी नेला, फेकायच्या आधी. तर आत बारीक कुजबुज चाललेली. बुडबुडे फुटत होते. “गप्प झाला की झाला. इतकंच आहे ते.”

इतकंच! मग वॉर्डातले बाकीचे पेशंट मागायला लागले. भेटायला येणारे न्यायला लागले – सुरी नको, ताटली नको, एका माणसाला एक अख्खा केक. असं चाललं दुकान.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं त्यांना. मग म्हणाले, “तो दुसऱ्या दिवशीचा केक मी खाल्ला होता. सांग तिला, अजून आठवतो.” मी इकडे रडले. आणि दुपारी त्याच हातांनी काडी टोचली. लाज वाटली. फार वाटली.

गुरुवार, १४ मार्च

ओळी लिहिल्या – सात. खोडल्या – सात.

रविवार, १७ मार्च

सुट्टी. घरी सहा केक केले आणि सहाही कानाला लावून बसले. ऐकू आला तो फक्त शेजारचा कुकर. कानाची पाळी भाजली, त्याचा डाग दिसतोय.

काल पॅकिंगच्या काकूंना उगाच विचारलं, तुम्हाला येतो का हो ऐकू? तर म्हणाल्या, “मला फोन ऐकू येतो, दुकानात तो फक्त मीच घेते.” मग माझ्याकडे बघून, “आणि तू ते हात पुसणं कमी कर. पीठ नसतानाही पुसतेस. तिसरा ॲप्रन झिजवलास.” एवढंच राहिलं होतं ऐकायचं.

ठरवलं. आत्याला खरं सांगायचं. भिंतीवर खोटं रंगवून घ्यायचं नाही, विशेषतः बाबांच्या त्या गोष्टीखाली.

मंगळवार, १९ मार्च

आधी हे लिहून ठेवते.

इलेक्ट्रिशियन नवा दिवा लावायला आला होता. फळीवर आत्याचा जुना रेडिओ. “बिघडलाय तो,” असं ती दीड वर्ष सांगतेय. त्याने सहज वायर लावली, बटण फिरवलं. रेडिओ असा केकाटला की काकूंच्या हातून खोका पडला. समोरचा शिंपी दारात आला.

आत्या खुर्चीत बसून केकच्या कागदी वाट्या सुट्या करत होती. तिने मानही वर केली नाही.

रेडिओला काही झालेलं नाही.

बुधवार, २० मार्च

दिवसभर तिच्या पाठीमागून बोलून पाहिलं. हाक मारली. डबा आपटला. काही नाही. समोर गेले की ओठ बघून चटकन उत्तर. खुर्ची, फोन, ‘माणसाकडे बघावं’, सगळं एकदम उलगडलं. दीड वर्ष एकटीने सांभाळलं हिने हे!

पण मग केक? आज सकाळी चार ट्रे. एकही कच्चा नाही, एकही करपला नाही. कान नाही, ओव्हनकडे पाठ. वासावर? गालाला धग कळते? मी नुसती बघत राहिले. देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

गुरुवार, २१ मार्च

सांगितलं. बोलायची हिंमत नव्हती म्हणून खोक्याच्या झाकणावर लिहिलं. ‘तुला ऐकू येत नाही, मला कळलंय. कुणाला सांगणार नाही. पण मलाही केक ऐकू येत नाही. कधीच आला नाही. मी दुपारी काडी टोचते. शेवटच्या ओळीत मला धरू नकोस.’

आत्याने चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. झाकणाची घडी करून कमरेला खोचली आणि म्हणाली, “उद्या पेंटर आला की बघू.” दुपारचा ट्रे मी काडीशिवाय काढला. आता टोचून काय करायचं? अठराही विकले गेले, एकही परत आला नाही.

शुक्रवार, २२ मार्च

पेंटर शिडीवर. मी खाली वही घेऊन. आत्या खुर्चीत, तोंड माझ्याकडे.

म्हणाली, “दीड वर्ष मी कानाशी केक धरते तो लोकांसाठी. केक झाला की तू हात पुसतेस. बोलत असलीस, लिहीत असलीस, भांडत असलीस तरी पुसतेस. मी ते बघते आणि उठते.”

पेंटरने वरून विचारलं, “मग शेवटची ओळ काय घालू?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि आत्या उठून ओव्हनकडे निघाली. खाली पाहिलं. माझे दोन्ही हात ॲप्रनवर होते.